तोंडातली सुपारी

अमरावतीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून मी सगळी नोकरी काढली. त्या खिडकीने माणसाचा स्वभाव कसा होतो ते सांगतो. समोरचा नुसता "तिव" म्हणाला की मी "तिवसा, तिकडच्या फलाटावर, निघालीच आहे, पळा" म्हणून मोकळा. चांदूर नावाची गावं दोन, म्हणून "चांदूर" म्हणाला तर "रेल्वे की बाजार?" एवढंच विचारायचं. माणसाला प्रश्न पुरा करू देणं म्हणजे मागच्या रांगेवर अन्याय, असं माझं ठाम मत होतं. निवृत्त झालो, रांग गेली, सवय राहिली. अजूनही बायको "अहो, ते" म्हणाली की मी "कपाटात आहे" सांगून टाकतो. ती शोधत असते भलतंच.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे भाऊ बोलण्यात माझ्याहून वरचढ होते. ते बाजार समितीत हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे लिलाव. तुरीच्या ढिगाभोवती व्यापारी जमले की भाऊ असे सुटायचे की ऐकणाऱ्याला धाप लागावी. आम्ही वर्षानुवर्षं शेजारी होतो, पण दोस्त नव्हतो. दोन बोलणाऱ्यांची दोस्ती जमत नाही, ऐकायला कोणी उरत नाही.

मग एक दिवस बडनेऱ्याच्या रस्त्यावर त्यांची मोटरसायकल घसरली. हेल्मेट घरी खुंटीवर होतं. डोक्याच्या डाव्या बाजूला मार लागला, नागपूरला मेंदूचं ऑपरेशन झालं, आणि बऱ्याच आठवड्यांनी भाऊ घरी आले ते उजवा पाय ओढत, उजवा हात लुळा, आणि बोलणं गेलेलं. त्यांना समजायचं सगळं. शब्द आत असायचा, ओठापर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. गंमत म्हणावी की क्रूरपणा, आकडे मात्र यायचे. एक आकडा तोंडाला लागला की पुढचे हर्रासच्या चालीवर आपोआप सुटायचे, आणि वहिनी आनंदाने देवापुढे साखर ठेवायला धावायच्या. पण एक दिवस समोर उभ्या लेकीचं नाव येईना. त्या दिवशी भाऊ भिंतीकडे तोंड करून रडले.

आमच्या वऱ्हाडात आजाऱ्याला भेटायला जाणं हे मोठं काम. फोन-बिन न करता जायचं, चहाला नाही म्हणायचं नाही, आणि आजाऱ्याऐवजी आपणच बोलायचं. स्पीच थेरपीच्या मॅडमनी घरच्यांना बजावलं होतं की त्यांना वेळ द्या, त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. ऐकतो कोण! भाऊ "च" म्हणाले की चौघं "चहा, चादर, चष्मा, चप्पल" घेऊन धावायचे. सगळे मायेनेच करायचे हो. पण भाऊ अर्ध्यावर हात झटकून डोळे मिटून घ्यायचे, आणि लोक हळहळत म्हणायचे, "थकला बिचारा."

या धावणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे. खिडकीचा अनुभव ना! एका दुपारी आम्ही दोघंच त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. भाऊ म्हणाले, "पा..."

"पाणी?" मी उठलोच. मान हलली, नाही.

"पान? पाय दुखते? पंखा लावू?"

भाऊंचा चेहरा लाल झाला. शेजारी पाहुण्यांसाठी पानसुपारीचं तबक होतं. त्यातली एक अख्खी सुपारी त्यांनी डाव्या हाताने उचलली, माझ्या तळहातावर दाबली आणि माझ्या तोंडाकडे बोट केलं. मी मुकाट्याने ती गालात धरली. अख्खी सुपारी तोंडात घेऊन बोलून बघा एकदा. भाऊंनी मग सावकाश श्वास घेतला. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. माझ्या घशात दहा शब्द उड्या मारत होते.

"पा... ख... रू."

फाटकावरच्या वेलीत एक एवढंसं पाखरू घरटं विणत होतं. भाऊंना काहीच नको होतं. त्यांना मला काहीतरी दाखवायचं होतं. आजारी माणूस बोलला म्हणजे काही मागतच असणार, हे आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला स्वतःचा राग आला आणि त्या माणसाचं कौतुकही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

तेव्हापासून तो नेमच झाला. मी ओट्यावर टेकलो की आधी सुपारी माझ्या हातात. मग भाऊ बोलणार आणि मी गालातल्या गालात ती इकडून तिकडे फिरवणार. आमच्या हिनं हे ऐकलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "जलमभर मले जे जमलं नाई, ते भाऊनं एका सुपारीत केलं," म्हणाली.

पुढे इतरांनाही सुपारी मिळू लागली. घरचं कोणी सुटलं नाही, की भेटायला येणारा कोणी सुटला नाही. पाहुणचार समजून लोक घ्यायचे आणि मग गप्प बसावं लागायचं. भाऊ डोळ्यांनी माझ्याकडे बघून अर्ध्या चेहऱ्याने हसायचे. मी पुष्कळ जिद्दी माणसं पाहिली आहेत, पण त्यांची जिद्द आवाज करते. भाऊंची तशी नव्हती. एकच शब्द, पुन्हा तोच शब्द, चुकला तर पुन्हा. मॅडम शब्द म्हणवून घ्यायला चित्रं आणायच्या, त्यांतलं जहाज त्यांनी बाजूला सारलं होतं. "अमरावतीत... कुठं... जहाज?" हे त्यांचं अपघातानंतरचं पहिलं अख्खं वाक्य. मी सुपारी काढून टाळी दिली.

त्यांची लेक अकोल्याला एका लॅबमध्ये नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी तिचं मनाने ठरलं होतं, पण बाप बोलू लागेपर्यंत लग्नाचं नाव नको, असं तिनंच त्याला सांगितलं होतं. तो थांबला. वर्ष उलटलं. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. शेवटी सुपारी फोडायचं ठरलं. आमच्याकडे या कार्यक्रमात मुलीचा बाप चार माणसांत उभा राहून म्हणतो, "आमची मुलगी तुमच्या घरी दिली." मुलाचा बाप म्हणतो, "केली." मग सुपारी फुटते, साखर वाटतात, आणि शब्द पक्का होतो.

भाऊंचे मोठे बंधू चांगला माणूस. ते म्हणाले, "त्याले कायले तरास देता? मी बोलतो. चार लोकांत अडकला तं हसू होईन."

भाऊंनी टेबलावर डावा हात आपटला. "मी... बोलीन."

लेक बापाशेजारी जाऊन बसली.

मग रोज ओट्यावर ते एक वाक्य. "आमची" लवकर आलं. "मुलगी" यायला वेळ लागला. "तुमच्या घरी" तर जिभेला गाठ मारायचं. आणि "दिली" येईचना. "दि" म्हणून भाऊ थांबायचे, घाम यायचा, डोळे भरायचे. माझ्या तोंडात सुपारी, आणि त्या सुपारीमागे तो शब्द तयार. देवाशपथ सांगतो, आयुष्यात इतकं जड काम मी केलं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो शब्द आला. "दिली." स्वच्छ, ठणठणीत. भाऊंनी तो पुन्हा म्हणून दाखवला, आणि पुन्हा. वहिनी आत पोळ्या लाटत होत्या, त्या लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

अकोल्याची मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. अंगणात मांडव, सतरंज्या, मध्ये पाटावर तांदूळ आणि सुपाऱ्या. भाऊ उठले. डाव्या हाताने खुर्चीची पाठ धरली. मी खिशातली सुपारी काढून तोंडात टाकली.

"आमची... मुलगी..."

मुलाचे वडील पुढे झुकून "केली" म्हणायला तयार बसले होते.

"तुमच्या... घरी..."

आणि भाऊ थांबले. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक खाली बघत नव्हती, सरळ बापाकडे बघत होती. पंखा फिरत होता. कोणीतरी खाकरलं. मी मनात म्हणत होतो, दि, भाऊ, दि. काल आलं होतं ना! मोठ्या बंधूंना ते सहन झालं नाही. त्यांचेही डोळे भरलेले. ते मोठ्याने म्हणाले, "दिली!"

"केली," मुलाचे वडील म्हणाले. मांडवाने सुटकेचा श्वास सोडला, बायका साखरेच्या ताटाकडे वळल्या.

भाऊंनी हात वर केला.

"दिली... नाई."

साखरेचं ताट हवेतच राहिलं. मुलाच्या आईचा चेहरा उतरला. वहिनी दारात चौकटीला धरून उभ्या. आता बंधूंनाही पुढचं काही सुचेना, त्यामुळे पहिल्यांदाच भाऊंना हवा तेवढा वेळ मिळाला. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"पोरगी... तिच्या मनानं... येऊन... राह्यली."

मुलाचे वडील उठले. साधा शेतकरी माणूस, डोक्यावर टोपी. "केली" हा त्यांचा शब्द आता या वाक्याला बसत नव्हता. त्यांनी थोडा विचार केला, घाई केली नाही.

"येऊ द्या," ते म्हणाले. "आमी वाट पाहून राह्यलो."

लेक उठून बापाच्या गळ्यात पडली. भाऊंनी एका हाताने तिला सावरलं. मग त्याच हाताने शेजारच्या पानसुपारीच्या तबकातली एक अख्खी सुपारी उचलली आणि मोठ्या बंधूंच्या हातावर ठेवली. बंधूंनी सगळ्यांदेखत ती गालात धरली. मांडव असा हसला की रस्त्यावरून जाणारे थांबून बघू लागले. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "भाऊ, दिली म्हनायचंच नव्हतं, तं एवढे दिवस घाम कावून गाळला? आन मलेबी गाळाले लावला?"

भाऊंनी सुपारी पुढे केली. मी ती गालात टाकली. ऊन फाटकावरून उतरून वेलीपर्यंत आलं, तेव्हा त्यांचं उत्तर पुरं झालं.

"म्हनता... येत... होतं. म्हनून... नाई... म्हनलं."