अंगठ्यावरची टिकली

कुठलीही वस्तू निवांत असताना कशी वागते, याच्याशी काडीचंही कर्तव्य नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डिचोलीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात ते पॉवर सप्लायचे डबे तपासायचे. राहायचे मुळगावला. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी त्यांचा साहेब, तरी मीही भाऊच म्हणे. भाऊ नव्या खुर्चीवर बसत नसत, आदळत. लग्नात जेवणापेक्षा पहिल्या पंगतीची झुंबड वाढप्यांना झेपते का, हे घड्याळ लावून बघत. एकदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, फळांनी भरून टांगून झाली, तोच यांनी तिला एक हिसका दिला. नारळ, सुपाऱ्या, सगळं जमिनीवर. बोलावलं कोणी, म्हणून शेजारीण ओरडली, "भाऊ, तुमकां कोणें आपयल्ले?" भाऊ शांतपणे म्हणाले, "वयनी, आज पडली तें बरें. फाल्यां गणपतीर पडपाची."

आमचे डबे विजेवर उघडणाऱ्या फाटकांच्या मोटरींना लागत. मोटर सुरू होताना डोळ्याचं पातं लवेपर्यंत तिप्पट वीज ओढते, मग गुमान चालते. भाऊ नेमकी त्या हिसक्याची परीक्षा घेत. त्यासाठी एक जुनं लोड मशीन होतं. मोटरीचं सोंग घेऊन वीज ओढायची आणि तिची उष्णता करून बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम. तो हिसका खरं तर मशीनच्याही कुवतीबाहेरचा. पण क्षणभरच दिला आणि मधे भरपूर विसावा दिला, की ते निभावून नेई. विसावा ठरवणाऱ्या गोल बटणाशी भाऊंनी बायकोची लाल टिकली चिकटवली होती. "हाचे फुडें कोणें वचपाचें न्हय," असा टिकलीपुढे न जाण्याचा दंडक. उन्हाळ्यात दोन हिसक्यांच्या मधे ते मशीनला पुठ्ठ्याने वारा घालत. आम्ही हसायचो. "हसात हसात," ते म्हणत, "ताकाय दम लागता."

एका दुपारी भाऊ जेवायला गेले होते. बाहेर टेंपो खोळंबलेला, पणजीचं गिऱ्हाईक सारखं फोनवर. मी बटण टिकलीच्या पुढे फिरवलं. विसावा कमी, काम झटपट! दहाव्या डब्याला मशीनमधून धूर निघाला. मी घाईघाईने बटण मागे आणलं, तेवढ्यात मालक आले आणि त्यांच्या पाठोपाठ भाऊ.

"मशीनार कोण आशिल्लो?" मालकांनी विचारलं.

"भाऊ होते," मी म्हणालो.

भाऊंनी बटणाकडे पाहिलं. टिकली तिथे नव्हती. मग त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. तिथे होती. मी मूठ मिटली. ते पुठ्ठा उचलून मशीनला वारा घालू लागले.

त्यांना पॅकिंगला टाकलं, ते निवृत्त होईपर्यंत. तिथेही ते बांधलेली खोकी कमरेइतक्या उंचीवरून टाकून बघत. पण मशीनच्या खोलीत परत कधी आले नाहीत. जुनी मंडळी आजही भेटली की म्हणतात, "मशीन जाळलं ते भाऊ ना?" आणि मी हसून विषय बदलतो.

गेल्या आठवड्यात, मी आता राहतो त्या पेडण्याहून, मुळगावला भाऊंच्या घरी गेलो. भाऊंनी खुर्ची पुढे केली. "बसात. तपासल्या."

मी म्हणालो, "भाऊ, खरं काय ते लिहून सगळ्यांना वाचायला देणार आहे."

"बरयात," भाऊंनी लिहायची मुभा दिली. "पूण एक घालात. तो धावो डबो पास जाल्लो. मशीन जळ्ळें, डबो न्हय. हांवें मागीर घरा हाडून तपासलो."

तर लिहितो. मशीन मी जाळलं. दहावा डबा पास होता, भाऊंनी तो नंतर घरी नेऊन तपासला. आम्ही तो त्याच दुपारी, न तपासताच, भंगारात टाकला होता.