दोन वॉशरवाला

मिस्त्री कुणावर फार चिडले की घाणेरड्या शिव्या देत नसत. 'दोन वॉशरवाला' एवढंच म्हणत. गिअरबॉक्सच्या तळाच्या नटाला तांब्याचा एकच वॉशर लागतो. जुना आत चिकटलेला न बघता त्यावर नवा चढवला की तेल गळायला लागतं, आणि असं करणारा मिस्त्रींच्या लेखी जगातला सर्वांत बेअक्कल प्राणी. अशा एका कारागिराला त्यांनी भर दुपारी गॅरेजातून हाकललं होतं. तो गयावया करत असताना ते त्याच्याकडे पाठ करून चहा पीत बसले. पुढे शिवीचा पसारा वाढला. बँकेतला कारकून दोन वॉशरवाला, डॉक्टर दोन वॉशरवाला, आणि लग्न ठरलं त्या दिवसापासून जावईही.

जावई कॉलेजात भूगोल शिकवायचा. त्याच्या गाडीखाली तेलाचे डाग दिसू लागले, तेव्हा चार व्हिडिओ बघून तो सुट्टीच्या सकाळी स्वतःच कामाला लागला. सासऱ्यांनी खुर्ची मागवली आणि तमाशा बघायला बसले. नजर अधू झाल्यामुळे गॅरेज सुटलं आणि ते लेकीकडे राहायला आले, त्याला वर्ष झालं होतं. आता त्यांच्याजवळ एकच मिळकत उरली होती: चाळीस वर्षांत आपल्या हातचा गिअरबॉक्स कधी गळला नाही. हे ते घरी येईल त्याला ऐकवत, आणि कुणी आलं नाही तर जावयाला.

"जावईबापू, गाडीखाली घोड्या लावल्यात, की छातीवर घेणार आहात?"

"लावल्यात, बाबा."

"आणि हा पावडरचा डबा? गिअरबॉक्सला नटवताय?"

"पुसून पावडर मारायची, गाडी थोडी चालवायची. तेल जिथून येतं तिथे ओघळ दिसतो म्हणे."

पद्धत चोख होती. मिस्त्रींना ते ठाऊक होतं, म्हणूनच त्यांना जास्त राग आला.

"ओघळ कसला शोधताय? स्पीडब्रेकरवर आपटली असणार. गाडी हाकता की रेडा?"

जावयाने पुसून पावडर मारली, एक फेरी मारून आला, गाडी पुन्हा घोड्यांवर चढवली आणि खाली सरकला. "जोड सगळे कोरडे आहेत. तळाच्या नटापाशी ओलं आहे."

"त्या नटाला हात लावू नका. तो मी बसवलाय."

खरंच त्यांनीच बसवला होता. गॅरेज सोडण्याआधीचं ते त्यांचं शेवटचं काम. लेकीच्या घरची गाडी म्हणून गिअर ऑइल स्वतः बदललं होतं, दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू दिलं नव्हतं.

पण तोवर पाना फिरला होता. तेल टबात उतरलं. लेक चहा घेऊन दारात आली, त्याच वेळी जावई हात पुसत बाहेर आला आणि त्याने तळहात पुढे केला.

"एक नटाबरोबर आला, एक वर चिकटून बसला होता. बाबा, याला दोन वॉशर असतात का?"

त्याने खरोखरच विचारलं होतं. तीन वर्षं ती शिवी खाऊनही तिचा अर्थ त्या बिचाऱ्याला कुणी सांगितला नव्हता. लेकीला मात्र पाळण्यापासून ठाऊक होता. ती वडिलांकडे न बघता टबातल्या तेलाकडे बघत राहिली.

मिस्त्रींनी दोन्ही वॉशर बोटांनी चाचपले. एक झिजून चपटा झालेला, एक जवळजवळ कोरा. 'हो' म्हटलं असतं तर काम भागलं असतं. भूगोलवाल्याला काय कळणार होतं? 'हो' जिभेवर आलंसुद्धा. पण दोन वॉशर घालणाऱ्याची कीव करू नये, मग तो आपण स्वतः का असेना. त्यांनी कधी कुणाची केली नव्हती.

"एकच असतो," ते म्हणाले.

"मग दोन कुणी घातले?"

"होता एक दोन वॉशरवाला."

जावई हसायला गेला. मग बायकोचा चेहरा बघून थांबला, आणि त्याला सगळं एकदम कळलं.

लेकीने चहा पुढे केला. मिस्त्रींनी तो घेतला नाही.

"माझ्या डब्यात नवा वॉशर आहे," ते जावयाला म्हणाले. "जागा पुसून घ्या, हाताने नट लावा, मग पान्याने बेताने आवळा."

"तुम्ही एकदा बघून घ्याल ना, बरोबर बसलाय का?"

"तुम्हीच बघा," मिस्त्री म्हणाले. "माझे डोळे तेव्हाच गेले होते. मी कुणाला सांगितलं नाही."