स्क्रूवरची लाल रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि नेलपॉलिशची ती बाटली तर तिचीच होती.

पण असं मधूनच नको. मी बारदानाचा व्यापारी. सायकलवर रिकामी पोती लादून गूळबाजारात विकत फिरलो, तिथून वर आलो. भाव पाडून घेणं ही माझी एकच विद्या. समोरचा दमेपर्यंत बोलतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर आवाज चढवतो. नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास जुनी फियाट घेतली. छोटं इंजिन, पण माझी पहिली गाडी. चढाला धापा टाकायची. मला ते सहन होईना. माझी गाडी, आणि पन्हाळ्याच्या चढाला सगळ्यांच्या मागं?

शिवाजी पेठेत दादू कांबळे मिस्त्रींचं गॅरेज होतं. जुन्या गाडीवाला प्रत्येक जण त्यांच्याकडेच जायचा. ते म्हणाले, आहे तसाच एका नळीचा कार्बोरेटर घ्या, फक्त एक नंबर मोठा. पुरे होईल. मी मान हलवली आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून मोठ्या गाडीचा, दोन नळ्यांचा कार्बोरेटर घेऊन आलो. का? तर विकणाऱ्याला मी निम्म्यावर आणलं होतं. एवढंच कारण. भाव पाडून घेतलेली वस्तू चुकीची असू शकते, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

मिस्त्रींनी तो हातात फिरवून पाहिला. गॅरेजात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती.

"शेठ, ह्या इंजनाची तहान तांब्याची हाय. तुम्ही घागर आणलीसा," ते म्हणाले. "आणि घासाघीस बाजारात करायची. इंजनासंगं न्हाय."

सगळे हसले. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण ते हसू मला अजून ऐकू येतं, आणि अजूनही — खोटं कशाला बोलू — झोंबतं.

माझ्या हट्टापायी त्यांनी तो बसवून दिला. दुसरी नळी थोडीच उघडेल असा एक स्क्रू आवळला आणि त्यावर खूण केली. ही त्यांची पद्धत. काडेपेटीच्या काडीनं नेलपॉलिश घ्यायचं आणि स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत बारीक लाल रेघ ओढायची. रेघ अखंड, तर काम मिस्त्रींचं. रेघ तुटली, तर मिस्त्री जबाबदार नाहीत. पेठेत हे सगळ्यांना माहीत होतं, त्याला कागद लागत नव्हता.

कळलं ना, मी कुठं चाललोय?

जुन्या गाड्यांचे आम्ही काही मालक एका रविवारी सकाळी पन्हाळ्याला जाणार होतो. शनिवारी दुपारी मी तो स्क्रू दोन फेरे सैल केला. दुसरी नळी पुरी उघडली. रेघेची टोकं जवळजवळ जुळली, पण फट राहिली. पुढच्या खेपेला मिस्त्री ती बघतील, पुन्हा चारचौघांत बोलतील — या भीतीनं मी बायकोची बाटली आणली आणि त्यांच्या रेघेवर माझी रेघ ओढली. तेव्हा त्यांच्यावर काही ढकलायचं मनात नव्हतं. हे सुटण्यासाठी सांगत नाही. नव्हतं, एवढंच.

घाटातल्या वळणावर मी पाय दाबला. इंजिनानं एकदम नको तेवढी हवा ओढली, ते ठसकलं, आणि कार्बोरेटरमधून उलटा भडका उठला. माती टाकून विझवला. कुणाला इजा नाही, बॉनेटचा रंग तेवढा करपला. मागच्या गाडीतला एक जण उतरून म्हणाला, "काय पावणं, रस्सा हितंच शिजवायचा काय?"

पुन्हा हसू. आणि मी म्हणालो, हे कांबळ्याचं काम.

मिस्त्री म्हणालो नाही. दादू म्हणालो नाही. नुसतं आडनाव, तेही जोरात. आडनाव घेतलं की पुढचं काही लोक आपणहून बोलतात — जन्मभर बाजारात वावरलेल्या माणसाला हे कळत नाही का? ते बोलले. मी ऐकत राहिलो.

सोमवारी गाडी ओढत गॅरेजात नेली. बरोबर रविवारची तीच माणसं. स्क्रू खालच्या अंगाला होता, तिथवर आग पोचली नव्हती. बॉनेट उघडून मी ओरडलो, ही रेघ कुणाची?

मिस्त्री वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. त्यांचं नेलपॉलिश गडद, माझं भडक. त्यांची रेघ काडीची, माझी ब्रशची, जाड. मग सरळ होऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लोकांकडे नाही, माझ्याकडे.

"खूण माझी म्हंता न्हवं, शेठ? मग चूक बी माझीच."

हात पुसले आणि आत गेले. ते भांडले असते तर मी आणखी चढलो असतो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि आम्हा दोघांत लोक कुणाचं खरं मानतील, हेही.

गिऱ्हाइकं तुटत गेली. वर्षभरात गॅरेज बंद झालं. मी दुसऱ्या मिस्त्रीकडून एका नळीचा, एक नंबर मोठा कार्बोरेटर बसवून घेतला. गाडी चढाला हूं की चूं करेना.

पुढं कितीतरी वर्षांनी आजऱ्याच्या एका काजू कारखान्यात पोती घेऊन गेलो, तर मिस्त्री तिथं मशिनं दुरुस्त करत होते. केस पांढरे झालेले. मी तोंड फिरवायच्या आत त्यांनी ओळखलं. गाडीची चौकशी केली. मग म्हणाले, "शेवटी एका नळीचाच बसवला न्हवं?"

मी हो म्हणालो. त्यांना बरं वाटलं — इंजिनासाठी. स्क्रू मीच सैल केला होता, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात कारखान्याचा मालक आला आणि मी पोत्यांच्या भावावरून तासभर वाद घातला. निघताना मिस्त्री दिसले नाहीत. मी शोधलंही नाही.

ते अजून आहेत. आजरा काही लांब नाही.

दोन नळ्यांचा तो कार्बोरेटर मी विकलेला नाही. परवा फडक्यातून काढला आणि स्क्रूवरचा भडक रंग नखानं खरवडला. खाली त्यांची बारीक, गडद रेघ तशीच आहे. मधोमध तुटलेली.

रेघ तुटली, तर मिस्त्री जबाबदार नाहीत.