देवीच्या पापण्या आज करंगळीनं रंगवल्या

बहुरूपी गड्यांनो, आज लई थकलोय, पण तुमाला सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाई.

सकाळी उमापुरात देवीचं सोंग घ्यायचं होतं. ठाण्याच्या अमीनसाहेबांची परवानगी कालच काढलीती. बाभळीला आरसा टांगला, शेंदूर एरंडेल तेलात खलला, आन् बघतो तर शेळीच्या केसांची कुंचली पार झडलेली. हातात नुसती काडी.

तुमाला ठावं हाय, देवीची पापणी कुंचलीनंच रंगवावी. रंग बाहेरच्या कोपऱ्यातून वर ओढला की नजर चढते, समोरचा आपसूक हात जोडतो. मी करंगळीनं लावला. तेल जास्त झालतं, त्यात बोट जाड. दोन्ही कोपरे खाली वघळले. पुसून परत रंगवायचं बळ न्हवतं. तसाच निघालो.

पहिल्याच दारात एक म्हातारी पसाभर ज्वारी घेऊन आली. पाया पडायला वाकली, माझ्या डोळ्यांकडं बघून थांबली.

"आये, लई दमलीस की गं. बस जरा सावलीला."

सोंग अंगावर असताना देवीनं खाली बसायचं न्हाई, ही बापाची शिकवण. तीस वर्षं पाळली. आज बसलो. ती पदरानं वारा घालत होती.

तीस वर्षांत देवीला कुणी 'बस' म्हणलं न्हवतं.

घरी येऊन नवी कुंचली बांधली. पण खरं सांगा गड्यांनो, उद्या पापणी वर ओढू, का खालीच ऱ्हाऊ देऊ?