मला आलेला मरव्याचा वास

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की मी चप्पल घालून घरी निघून येतो. या ग्रुपवरचे लोकांचे अनुभव वाचतानासुद्धा मी पुष्कळदा हसलो आहे... त्यामुळे आता माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही.

वाशिम जिल्ह्यात मालेगावला माझं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. घर तिथून जेमतेम दीड किलोमीटर, किन्हीराजाच्या रस्त्याला. घरात मी आणि बायको शोभा, मुलगी लग्न होऊन कारंज्याला. आणि एक गोष्ट सांगावीच लागेल — मला वास येत नाही. बारा वर्षांपूर्वी मोठा ताप आला, त्यातून उठलो तो नाक गेलेलंच. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस सुकली, आता आशा धरू नका. तेव्हापासून फोडणी जळो नाहीतर कपाटामागे उंदीर मरो, मला सारखंच.

शोभाला दमा आहे. अगरबत्ती, धूप, ते फवाऱ्याचे सेंट, सगळं डॉक्टरांनी बंद करायला लावलं. पण घराला चांगला वास पाहिजे ही तिची जुनी हौस, आणि त्यात मी रोज कपड्यांतून औषधांचा दर्प घरी आणतो म्हणे. मग तिने आपले उपाय काढले. सकाळी खिडक्या सताड उघडायच्या, उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यात वाळ्याची जुडी, कपड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला. आणि रोज दुपारी एका पातेल्यात संत्र्याच्या साली नि लवंगा मंद आचेवर ठेवायच्या. धूर नाही, छातीला त्रास नाही. हा सालींचा प्रकार माझं नाक गेल्यावर सुरू झाला, म्हणजे तो वास मी जन्मात घेतलेला नाही. ती कौतुकाने सांगायला लागली की मी म्हणायचो, गाढवाला गुळाची चव काय, मले कायले सांगतं. पुढे पुढे तिने सांगणं सोडून दिलं.

तर, गेल्या जानेवारीतली गोष्ट. तुरी निघण्याचे दिवस, दुकानात चिटपाखरू नाही. दुपारी साडेबाराच्या सुमारास काउंटरवर पेपर वाचत बसलो होतो आणि नाकात काहीतरी शिरलं. बारा वर्षांनी वास येणं म्हणजे काय हे मला लिहून सांगता येणार नाही... आनंद वगैरे काही झाला नाही, मी चक्क घाबरलो. वाटलं, एखादी बाटली फुटली. सगळे रॅक पाहिले, सगळं कोरडं.

शेजारी हनीफ चाचांचं अत्तर-सुरम्याचं दुकान. माणसाची चाळीस वर्षं अत्तरात गेलेली. त्यांना जाऊन विचारलं, कुठली शिशी उघडली का. त्यांनी दोन-तीनदा हुंगून पाहिलं, म्हणाले, कुछ नहीं. मग त्यांच्या लक्षात आलं की विचारतोय कोण. हातातलं काम ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि वास कसा आहे ते सांगायला लावलं. मी सांगितलं — संत्र्याची साल, तिखट लवंग, आणि वरून काहीतरी हिरवं, गोडसर-कडू. ते मला ओळखता येईना.

"वो मरवा है," चाचा म्हणाले. "मेरे पास तो नहीं है. तू घर जा पहले."

साल आणि लवंग म्हणजे शोभाचं पातेलं, हे तेव्हा कुठे डोक्यात आलं. तिला फोन लावला. तीनदा लावला, उचलला नाही. ती फोन कुठेही टाकून देते, एरवी मी चिडलो असतो आणि गप्प बसलो असतो. त्या दिवशी शटर ओढलं आणि मोटारसायकल काढली. पंचवीस वर्षांत भर दुपारी दुकान कधी बंद केलं नव्हतं, मुलगी तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा नाही. वास रस्ताभर सोबत होता. घराच्या फाटकापाशी तो गेला.

शोभा स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. ओठ निळे पडलेले. मागच्या वावरात तुरीचं मळणीयंत्र चालू होतं आणि कुटाराची, म्हणजे भुशाची, सगळी धूळ उघड्या खिडकीतून आत आली होती. दम्याचा पंप समोरच्या खोलीत, तिथपर्यंत तिला जाता आलं नव्हतं. मी धावत जाऊन पंप आणला आणि तिच्या तोंडाला लावला. तेवढ्यात चाचा ऑटो घेऊन आले, मी कसा निघालो ते पाहून त्यांना राहवलं नव्हतं. वाशिमला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर बाई हाती लागल्या नसत्या.

तीन दिवसांनी घरी आलो तर पातेलं तसंच शेगडीवर. आत साली, लवंगा आणि वर मरव्याच्या दोन काड्या. शोभा म्हणाली, मरवा त्या दिवशी पहिल्यांदाच घातला, शेजारणीने सकाळी कुंडीतला खुडून दिला होता. आणि गॅस पेटवायच्या आधीच छाती भरून आली. म्हणजे तो वास त्या दिवशी घरातसुद्धा दरवळला नव्हता, मग दीड किलोमीटरवर माझ्या दुकानात कुठून येणार?

डॉक्टर म्हणतात, गेलेल्या नसा कधीमधी खोटा वास दाखवतात. असेल. पण कधीच न घेतलेला वास, आणि तोही मरव्यासकट? मुलगी म्हणते, आईने मनातून हाक मारली असेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, आणि तसं वाटून बरं वाटत होतं. शेवटी एका संध्याकाळी शोभाला विचारलंच, तेव्हा माझी आठवण केली होती का.

तिने थोडा विचार केला. "नाही जी. शेजारणीले हाक मारून पाह्यली, आवाजच निघेना. पोरीची आठवण आली. तुमाले कायले बोलावू? तुमी दुकान सोडून कधी आले होते का?"

ती रागाने बोलली नाही, म्हणून जास्तच लागलं. तिने बोलावलं नाही, मला वास येत नाही, पातेलं गार होतं... मग मला उठवलं कोणी? नाक त्या दिवसापासून पुन्हा बंद आहे. कोणाला काही उलगडा होत असेल तर जरूर लिहा.

आता मी रोज दुपारी जेवायला घरी जातो. वर्ष होत आलं. फाटक वाजलं की शोभा आतून अजूनही विचारते, "कोण आहे?"