लोखंडाच्या शाळेत पल्लवी

लेथखाली साचलेला लोखंडाचा चुरा रोज झाडून काढता येतो. किस्से तसे झाडता येत नाहीत. ते कोपऱ्याकोपऱ्यांत साचत राहतात. आमच्या सरकारी तांत्रिक विद्यालयाची टूलरूम मी सत्तावीस वर्षे सांभाळली. निवृत्तीनंतर त्या जागी कोणाची नेमणूकच झाली नाही, म्हणून अजूनही आठवड्यातून चार दिवस जाते. जुन्या मॅट्रिक झालेल्या बाईला रिकामे बसणे जमत नाही. गेल्या एकाच वर्षातले सांगते.

*

आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक कोरलेले पितळी बिल्ले मिळतात. लोखंड घासायची कानस हवी असेल, तर तिच्या खिळ्यावर बिल्ला टांगायचा. कानस परत केली की बिल्ला परत. या नियमाला अपवाद नाही.

एकदा नवे मुख्याध्यापक आपल्या खोलीतल्या पंख्यासाठी स्वतःच स्क्रूड्रायव्हर मागायला आले.

"बाई, मी मुख्याध्यापक आहे."

"आनंद आहे. बिल्ला?"

त्यांनी निमूटपणे गळ्यातले ओळखपत्र काढून खिळ्यावर टांगले. नेमके त्याच वेळी शिक्षण विभागाचे अधिकारी तपासणीला आले. दारात रामदास शिपाई उभा होता. त्यांनी त्यालाच विचारले, "मुख्याध्यापक कुठे आहेत?"

रामदासने शांतपणे माझ्या टूलरूमकडे बोट दाखवले. "ते काय साहेब, खिळ्यावर लटकून राहिले!"

*

नववीच्या फिटिंगच्या वर्गात त्या वर्षी प्रथमच एक मुलगी आली. हुडकेश्वरची पल्लवी. पहिल्याच आठवड्यात तिचे वडील आले. बुटीबोरीच्या कापड गिरणीत कामाला असलेले, मितभाषी गृहस्थ.

"इथं सारे पोट्टेच पोट्टे," ते निदेशक बोरकर सरांना म्हणाले. "पोरीले हे लोखंड काहून?"

"भाऊ, प्रवेश परीक्षेत वर नंबर आहे तिचा!"

"असंन. वार्षिक प्रॅक्टिकलपर्यंत ठेवतो. मंग दाखला काढतो अन् घराजवळच्या साध्या शाळेत टाकतो."

मुलगी शेजारीच उभी होती. मी विचारले, "तुझे काय म्हणणे आहे?"

"आजी, माहे बिल्ले आधी द्या. दिवस कमी आहेत!"

*

नवीन विद्यार्थ्याला बिल्ले मिळाले की माझ्याकडे 'डाव्या हाताची हातोडी' मागायला पाठवायचे, हा बोरकर सरांचा जुना खोडसाळपणा. मला तो मुळीच पसंत नाही. मुले येतात, मी डोळे वटारते, ती ओशाळून परत जातात.

पल्लवीलाही पाठवले. मी म्हटले, "अशी हातोडी नसते, बाळ. सर थट्टा करतात."

तिने क्षणभर विचार केला. मग बिल्ला टांगून साधीच हातोडी घेतली, वर्गात गेली आणि सरांच्या देखत डाव्या हाताने छिन्नीवर चार घाव असे घातले की पट्टीचे दोन सरळ तुकडे!

"बरोबर हेच होती सर," ती म्हणाली. "मी डावखुरीच आहे."

त्या दिवसापासून सरांची ती थट्टा बंद झाली.

*

प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकाने लोखंडी पट्टीतल्या चौकोनी छिद्रात बसणारा तुकडा घासून आणायचा असतो. खिडकीसमोर धरल्यावर फटीतून उजेड दिसता कामा नये. पल्लवीने तो तीन आठवडे घासला आणि आईला दाखवावा म्हणून, गंजू नये असे ग्रीस लावून घरी नेला.

आईला वाटले, काय हे बरबटलेले! तिने तो भक्तिभावाने चिंचेने घासला, धुतला आणि देवघरात ठेवला. सकाळपर्यंत त्यावर गंज चढला. प्रॅक्टिकल चार दिवसांवर!

बोरकर सरांनी कपाळावर हात मारला.

"पण सर," पल्लवी डोळे पुसत म्हणाली, "रात्री देवापेक्षा तेच जास्त चमकून राहिलं होतं!"

आणि तिने नवा तुकडा व्हाइसच्या जबड्यात बांधला.

*

प्रॅक्टिकलच्या दिवशी वडील दाखल्याचा अर्ज कार्यालयात देऊनच कार्यशाळेत आले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पल्लवीचा तुकडा पट्टीत बसवून खिडकीसमोर धरला. उजेड दिसला नाही. गुण मांडून त्यांनी वही मिटली.

वडिलांनी हात पुढे केला. तुकडा घेतला आणि कडेवरून हळूच अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"इकडून जराशी जाड हाय जी."

परीक्षक हसले. तरी त्यांनी व्हर्निअरने मोजले. हसू मावळले.

"तुम्ही कुठे फिटर आहात?"

"नाही जी. गिरणीत दिवसभर कापडाच्या थानावर हात फिरवतो. खोट डोळ्याच्या आधी बोटाले समजते."

"असू द्या. इतके चालते. गुण देऊन झाले आहेत."

"तुमचं झालं जी. तिचं कुठं झालं?"

त्यांनी स्टूल ओढले आणि लेकीच्या व्हाइससमोर बसले. पल्लवीने कानस उचलली. ती घासू लागली, ते पाहू लागले.

इतक्यात रामदास लगबगीने आला. "भाऊ, दाखला तयार आहे. सही करा अन् घेऊन जा, हापिस बंद होऊन राहिलं!"

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"थांब गा! पोरगी काम करून राहिली, दिसत नाही का तुले?"