हमीदाचं ‘बरोबर’

पोस्टकार्ड आलं ते शनिवारी. दुपारी दवाखान्यातून घरी आले, कुलूप काढलं, तर दाराखालून सरकवलेलं कार्ड पायाखाली आलं. हमीदाच्या भावजयीनं, रजियाभाभींनी, जयसिंगपूरहून ते कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. ‘हमीदा बुधवारी सकाळी गेली. कावीळ होती. दुपारीच माती दिली. कळवायला उशीर झाला, माफी असावी.’ तिला बरं नाही हे मला पंधरा दिवस आधीच कळलं होतं. येत्या रविवारी जाऊ, असं मी दोन रविवार म्हणत राहिले... आणि माफी त्या मागत होत्या!

आमची ओळख साठच्या दशकातली. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात डॉक्टरांच्या मदतनिसांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम होता. जखमा बांधायच्या, सुया उकळायच्या, इंजेक्शनं द्यायची, आणि या सगळ्याच्या आधी पायाभूत गणित शिकायचं. मी कसबा बावड्याची, शेतकऱ्याघरची. मॅट्रिकला गणितात काठावर पास झालेली. अपूर्णांक दिसला की मी पान उलटायची. हमीदा कुरुंदवाडची. तिचे वडील पिंजारी. त्यांच्याजवळ बसून कापूस तोलता तोलता पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्ध्या, दीडाचे जुने पाढे तिला तोंडपाठ झाले होते. किलो-लिटर येऊन काही वर्षं झाली तरी तिचं डोकं पावशेर-अच्छेरातच चालायचं, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा लवकर चालायचं.

लहान मुलाचा डोस काढायची एक रीत आम्हाला शिकवली होती. वयाला, वय अधिक बारा या बेरजेनं भागायचं आणि येईल तेवढा हिस्सा मोठ्या माणसाच्या डोसाचा घ्यायचा. हमीदा म्हणाली, “चार वर्साचं पोर म्हंजे सोळातलं चार, म्हंजे पाव. बारा वर्साचं म्हंजे निम्मं. सोपं हाय की!” मी विचारलं, “आन् सहा वर्साचं?” अठरातले सहा, म्हणजे तिसरा हिस्सा. तिच्या पाढ्यांत तिसऱ्या हिश्श्याला जागाच नव्हती. तिनं बोटांवर मोजून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाली, “सहा वर्साच्या पोरानं आजारीच पडू नये.” आम्ही इतक्या हसलो की सरांनी दोघींना वर्गाबाहेर काढलं.

त्या सरांचा एक दंडक होता. गणित सुटलं तरी उत्तर लगेच लिहायचं नाही. आधी ते शेजारणीला मोठ्यानं ऐकवायचं, तिनं ‘बरोबर’ म्हटलं की मगच वहीत उतरवायचं. मला याचा भारी कंटाळा यायचा. माझी शेजारीण हमीदा. ती डोळे मिटून ऐकायची, कुठं अडखळले की एक डोळा उघडायची. वॉर्डात काम सुरू झालं तेव्हा सर तिथं नव्हते, पण हमीदानं दंडक सोडला नाही. सिरिंज भरली की आधी मोठ्या माणसाचा डोस बोलायचा, मग पोराचा, आणि दुसरीनं ‘बरोबर’ म्हटल्यावर सुई टोचायची.

शेवटच्या महिन्यात एका दुपारी तीन वर्षांच्या मुलीला इंजेक्शन द्यायचं होतं. मोठ्या माणसाला दीड सीसी. पंधरातले तीन म्हणजे पाचवा हिस्सा, दीडचा पाचवा हिस्सा पॉइंट तीन. गणित मी अगदी बिनचूक केलं. मग काचेची सिरिंज घेतली आणि तीन सीसी भरले. पॉइंट माझ्या डोक्यातून कुठं निसटला, देव जाणे. आईनं मुलीचे पाय धरले होते. शेजारच्या खाटेवर पट्टी बांधत असलेली हमीदा वर न बघता म्हणाली, “सुमे, ऐकव.”

“झालंय गं माझं.”

“ऐकव की!”

मी वैतागून म्हणाले, “मोठ्या माणसाला दीड, हिला...” आणि माझी नजर सिरिंजवर गेली. हमीदानं माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली आणि मोरीत रिकामी केली. तेवढ्यात मेट्रन बाई दारात उभ्या. किती भरलं होतं, कुणी भरलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी मोरीकडं बघत राहिले. हमीदा म्हणाली, “तीन भरलं हुतं, बाई. माझ्या हातनं.”

तिला परीक्षेला बसू दिलं नाही. सहा महिने पुन्हा. त्या संध्याकाळी होस्टेलच्या जिन्यावर मी रडत विचारलं, असं का बोललीस. ती म्हणाली, “नापास झालीस तर तुझा बा काय करनार हाय? वैशाखात लगीन. माझा बा मला परत धाडंल, तुझा धाडनार न्हाय. सहा म्हैनं काय, आत्ता जातील.” मी म्हणाले, उद्या बाईंना खरं सांगते. तो उद्या आला, गेला, निकाल लागला. मी पास झाले, मला सरकारी नेमणूक मिळाली. सहा महिन्यांनी ती पास झाली तेव्हा जागा भरलेल्या होत्या. पुढं जन्मभर ती जयसिंगपुरात एका डॉक्टरांकडं राबली. मी लग्न केलं नाही, तिनंही केलं नाही. वर्षातून दोनदा भेटायचो. एकदा मी विषय काढला तर ती हसत म्हणाली, “त्या सहा म्हैन्यात बाकावर मी एकटीच हुते. भिंतीला ऐकवायची. भिंत काय बरोबर म्हनत न्हाय, सुमे.” आणि लगेच, “तुझी एष्टी लागली बघ, पळ.” मी पळाले. पळण्यात मी आधीपासून हुशार.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरला गेले. रजियाभाभींनी चहा दिला. तिची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. भाभी म्हणाल्या, “आमची हमीदा दवाखान्यात औषध भरताना मोठ्यानं बोलायची. लोक हसायचे. ती म्हनायची, शिकताना माझ्या हातनं एकदा चूक झालती, एक पोरगी जाता जाता वाचली, तवापासनं बोलते.” वीस वर्षं घरच्या माणसांतही तिनं ती चूक स्वतःच्याच नावावर ठेवली होती. मी चहा प्यायले. तिथंही मी गप्प बसले! परतताना एष्टीच्या खिडकीशी बसल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की बावडा आला तरी उठवेना.

म्हणून हे लिहिते आहे. रजियाभाभी, वर्तमानपत्राची ही पुरवणी तुमच्याकडे येते की नाही ठाऊक नाही. येत असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि जरा मोठ्यानं वाचायला सांगा. चूक माझी होती. हमीदानं ती पकडली होती.

अजून मी औषध भरताना मोठ्यानं बोलते. आमच्या नव्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसतात. आता त्यांना घाई असते, ऐकायला कुणी थांबत नाही. काल औषधांच्या खोलीत एकटीच होते. औषध तीन वर्षांच्याच मुलासाठी होतं. सिरिंज उजेडात धरली आणि समोरच्या भिंतीला म्हणाले, “मोठ्या माणसाला दीड, ह्याला पॉइंट तीन.” मग म्हणाले, “आणि त्या दिवशी तीन भरले होते, हमीदा. माझ्या हातानं.”

जरा वेळ थांबले. मग ट्रे उचलला आणि वॉर्डात गेले.